मिरजेच्या सायडिंगला उभी वाघीण

मे अखेरीस मुंबईची बोट बंद झाली आणि इब्राहिमभाईंच्या ऐंशी पेट्या आंबा घरातच अडकला. ते माझ्याकडे आले. "मास्तर, कोल्हापुरास नेऊन रेल्वेने पुण्याला पाठवू. तुम्ही सोबत चला. तिथले कागद इंग्रजीत असतात." शाळेला सुट्टी होती. निघालो.

या वाटेने जायचे असेल तर पहाटेची लॉरी धरा. ड्रायव्हरशेजारच्या जागेचा दीड रुपया पडतो. साखरप्याला चहा-भजी मिळतात, तिथेच पोटभर खाऊन घ्या. पुढे आंबा घाटात इंजिन तापते आणि उतरून चाकामागे दगड लावावे लागतात. आम्ही चारदा उतरलो. दर वेळी इब्राहिमभाई पेटीच्या फटीतून बोट घालून आंबा दाबून पाहत आणि परत चढत.

कोल्हापूरच्या मालधक्क्यावर गुळाच्या ढेपांची रास लागली होती. कारकून म्हणाला, आज मालाची एकच वाघीण सुटणार आणि तो डबा तवनाप्पा गूळवाल्यांच्या नंबराचा. तवनाप्पा तिथेच ढेपांपाशी उभे होते.

"तुमचा गूळ दोन दिवस थांबेल," मी म्हणालो. "आंबा थांबायचा नाही."

"थांबंल की मास्तर. पर वळीव आला तर? ह्या शेडचं निम्मं पत्रं उडाल्यात."

इब्राहिमभाई लॉरीकडे गेले आणि पेट्यांवरच्या दोन्ही ताडपत्र्या ओढत घेऊन आले. तवनाप्पांनी त्यांचे कापड चाचपले, आभाळाकडे पाहिले. "भरा तुमचा माल," म्हणाले.

वाघीण संध्याकाळी सुटली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने आम्ही निघालो. मिरजेला गाडी थांबली तेव्हा इब्राहिमभाईंनी माझा दंड धरला. आमची वाघीण बाजूच्या सायडिंगला उन्हात एकटी उभी होती.

आम्ही तिथेच उतरलो.

"इंजिन नाही," स्टेशनमास्तर म्हणाले. "उद्या येईल. नाहीतर परवा."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इंजिन आले नाही. बंद दारातून पिकल्या आंब्याचा वास येऊ लागला होता.

"इथंच उघडा," इब्राहिमभाई म्हणाले.

स्टेशनमास्तरांनी कागद पुढे केला. पुण्यापर्यंतचे भाडे परत नाही, नासाडीची तक्रार चालणार नाही, असे त्यात होते. मी ते मराठीत वाचून दाखवले. इब्राहिमभाईंचा हात टाकापाशी थांबला.

"मास्तर, पुण्यात भाव दुप्पट मिळेल. पण पोचेल काय?"

"मला सांगता येत नाही."

त्यांनी सही केली. खालच्या थरातल्या पेट्यांतून रस गळत होता. उरलेला आंबा मिरजेच्या बाजारात मिळेल त्या भावाने संध्याकाळपर्यंत विकला.

परत आलो तेव्हा वाडीतले बागवाले लॉरीपाशी जमले होते. सर्वांचा आंब्याचा शेवटचा तोडा बाकी होता. "पाठवायचा काय रेल्वेने?" एकाने विचारले.

"गाडी चालते तेव्हा बोटीपेक्षा बरी," इब्राहिमभाई म्हणाले. "उभी राहिली की फळ खाते. नका पाठवू."

दोन दिवसांनी त्यांच्याकडे गेलो, तर अंगणभर ताटे मांडलेली. बायका त्यांच्या शेवटच्या तोड्याचा रस गाळून साठं, म्हणजे आंब्याच्या पोळ्या, वाळत घालत होत्या. असल्या आंब्याला पुण्यात पेटीमागे जे मिळाले असते, त्याच्या पावपटही साठाला येणार नाही, हे तिथे सर्वांना ठाऊक होते. इब्राहिमभाई एकेक ताट उन्हाकडे सरकवत होते.

"हे थांबेल, मास्तर," ते म्हणाले. "आपल्याला थांबणारंच काहीतरी विकायला हवं."