गर्दीच्या कडेला उभे राहणारे भाऊ

माझ्या दिरांइतका शांत माणूस आमच्या एरंडोल तालुक्यात दुसरा नसेल, आणि त्यांच्याइतका आवाज अंगावर घेतलेला माणूस सगळ्या खानदेशात नसेल. मी त्यांना भाऊ म्हणते. वय बावन्न, लग्न केलेलं नाही, चालणं हळू, बोलणं त्याहून हळू. जेवताना हातून वाटी पडली तर ती उचलून आधी तिला पोचा आला का ते बघतील, मग सांडलेली आमटी पुसतील. पण अंगात बघावं तर काळा टी-शर्ट आणि त्यावर दात विचकलेली कवटी. रॉक म्हणतात त्या संगीताचा एक मेळा दर हिवाळ्यात गावोगाव फिरतो. नाशिक, पुणे, इंदूर, जिथे मैदान मिळेल तिथे. माणसाच्या दुप्पट उंचीचे स्पीकर लावतात आणि गाणारे असे ओरडतात, जसं कोणी त्यांच्या घरातून काही उचलून नेलंय. गेली आठ वर्षं भाऊंनी हा मेळा एकदाही चुकवला नाही. यातलं एक गाणं त्यांना म्हणता येत नाही. एकाही गाणाऱ्याचं नाव सांगता येत नाही. विचारलं तर म्हणतात, "तो लांब केसवाला. त्याना आवाज बरा शे."

त्या टी-शर्टांचा त्रास मात्र मला. धुऊन अंगणात वाळत घातले की गल्लीतून जाणारी माणसं चाल मंद करायची. शेजारच्या अक्का एकदा कुंपणाशी येऊन म्हणाल्या, "वाळत घाल, पन आत घाल वं माय. मनी सून दोन जीवनी शे." मी ते उलटे करून मागच्या दारी घालू लागले. अक्कांना नातू झाला, चांगला भरलेला, आणि तिसऱ्याच दिवशी त्या परत कुंपणाशी. जुना एखादा असेल तर दे म्हणाल्या, कापड मऊ असतं, बाळाला पुसायला बरं. तो नातू रांगायला लागेपर्यंत कवटीवरच वाढला. भाऊंना मी हे सांगितलं तर ते बराच वेळ हसले, आवाज न करता, नुसते खांदे हलवत. ते तसेच हसतात.

बसस्टँडजवळ त्यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी येतात, जुनी तार काढून नवी भरायची. पण भाऊंचं नाव तारेसाठी नव्हतं, कानासाठी होतं. स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू मोटारीला लावायचं, मूठ कानाला लावायची, डोळे मिटायचे. मग सांगायचे, वरचं बेअरिंग गेलंय, किंवा खालचं, किंवा काही गेलेलं नाही, विहिरीत गाळ आहे. पाच-दहा गावांतले शेतकरी शेतातून फोन लावून फोनच मोटारीजवळ धरायचे आणि भाऊ इकडून निदान सांगायचे. एका माणसानं चुकून दळणाच्या गिरणीजवळ फोन धरला. भाऊ म्हणाले, "ही तुमनी मोटार नही. पन जेनी शे त्याले सांगा, पट्टा तुटाले उना."

असा कान असलेला माणूस त्या स्पीकरपुढे जाऊन का उभा राहतो, हे गावाला कधी कळलं नाही. मला माहीत आहे. ते लिहायचं तर आधी बारागाड्यांचं लिहावं लागेल.

आमच्या गावच्या यात्रेला बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकामागे एक बांधायच्या, बैल नाहीत, गाड्यांत माणसं खच्चून भरलेली. पुढे देवाचा भगत, गाड्यांचा दोर कमरेला बांधून तो ओढतो. त्याच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं त्याला धरून पळतात, त्यांना बगले म्हणतात. गाड्या एकदा सुटल्या की देवळापर्यंत थांबत नाहीत, आणि बगल्यानं भगताला सोडायचं नाही, मागे बघायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज. डाव्या बाजूला माझे मालक असत, उजव्या बाजूला भाऊ. दोघा भावांनी अकरा वर्षं तो मान घेतला. बाराव्या वर्षी माझ्या मालकांचा पाय सरकला. भाऊ पळत राहिले. देवळापाशी गाड्या थांबल्या, लोकांनी भाऊंवर गुलाल टाकला, आणि त्या गुलालातच ते मागे पळत आले. तोपर्यंत काही राहिलं नव्हतं.

दहाव्या दिवसानंतर ते माझ्यापुढे जमिनीवर बसले. म्हणाले, "वहिनी, दादानी हाक मारी व्हती. मी आयकी. पन थांबनू नही." मी तांदूळ निवडत होते. मी निवडतच राहिले. मला कधीच वेळेवर बोलता येत नाही, चारचौघांत नाही आणि एकटीनंही नाही. ते थोडा वेळ थांबले आणि उठून गेले. त्यांचा दोष नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. त्यांनी हात सोडला असता तर भगत गेला असता, कदाचित तेही गेले असते. हे एवढंच सांगायचं होतं. ते सांगायचं राहिलं, आणि एकदा राहिलं की रोज सकाळी चहा देताना ते कसं काढायचं.

पुढच्या हिवाळ्यात भाऊ तांब्याची तार आणायला नाशिकला गेले होते. एका मैदानातून आवाज येत होता. भाऊंना वाटलं यात्रा आहे, म्हणून आत गेले. आत बघतात तर पोरंपोरी मोठं रिंगण करून त्यात जिवाच्या आकांतानं पळताहेत. माणूस आमच्या गावचा. त्यांना वाटलं, मागून गाड्या येताहेत. कमरेला बागायती रुमाल घट्ट बांधून ते रिंगणाच्या कडेनं हात पसरून पळू लागले, "बाजूले व्हा, बाजूले व्हा, गाड्या उन्यात." सगळी पोरं खरंच बाजूला झाली. भाऊ एकटेच मागे वळून गाड्या शोधत होते. गाणाऱ्यानं वरून काहीतरी म्हटलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पुन्हा पळापळ सुरू झाली, आणि एक मुलगा पडला. भाऊंनी डोळे मिटून घेतले. उघडले तर रिंगण थांबलेलं. चार जणांनी त्याला काखेत धरून उभं केलं होतं, एक जण त्याचा बूट वर धरून कोणाचा म्हणून विचारत होता. त्या रात्रीच्या गाडीनं ते घरी आले आणि सकाळी चुलीपाशी मला म्हणाले, "वहिनी, तठे कोनी पडनं ते बठ्ठा थांबतस." बठ्ठा म्हणजे सगळे.

तेव्हापासून ते कडेला उभे राहतात. नाचत नाहीत, मान हलवत नाहीत. हात थोडे पसरून, गुडघे वाकवून, गोठ्यातून वासरू निसटू नये म्हणून उभं राहावं तसे. कोणी कोसळलं की पहिला हात त्यांचा. पुण्याच्या मुलांना ते माहीत झाले. ती म्हणतात, "काका आलेत, आता बिनधास्त पडा." मेळा म्हणजे नुसती मजा असते असं नाही, हे भाऊंच्या तोंडून तुटक तुटक कळत गेलं. धूळ इतकी की थुंकी काळी येते. पाण्याच्या टाकीजवळ मारामारी. एका मुलीचं गळ्याजवळचं हाड मोडलं, ती भाऊंचा हात धरून इंदूरच्या दवाखान्यापर्यंत गेली आणि तिथे झोपताना म्हणाली, "काका, माझ्या घरी सांगू नका, त्यांना वाटतं मी परीक्षेला आले." भाऊंनी तिला माझ्या डब्यातली कळण्याची भाकर आणि ठेचा खाऊ घातला. ती आणखी रडली. ती कोणत्या दुखण्यानं रडली ते त्यांना नक्की सांगता आलं नाही.

गेल्या वर्षी दुकानात त्यांनी एका मोटारीला स्क्रू ड्रायव्हर लावला, बराच वेळ लावून ठेवला आणि म्हणाले, "बंद शे का?" मोटार चालू होती. जळगावच्या डॉक्टरनं तपासून सांगितलं, उजवा कान गेला, डाव्यात थोडं उरलं आहे, मोठा आवाज झाला तर तेही जाईल. भाऊंनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "धुळ्याला गेलं तर चालेल का?" कारण यंदा मेळा पहिल्यांदाच धुळ्याला येणार होता. डॉक्टर माझ्याकडे बघू लागले, जशी मी त्यांना आवरणार आहे.

मी आवरलं नाही. मी हिशेब वेगळा केला. उरलेला कान जायच्या आधी मला ते एक वाक्य सांगायचं होतं. पण कमी ऐकणाऱ्या माणसाला हळूच काही सांगता येत नाही. घरात बोलले तर अक्कांना कुंपणापलीकडे ऐकू जाणार. महिनाभर मी रोज ताट वाढताना तोंड उघडलं आणि "भाकर देऊ का" म्हणून मिटलं. शेवटी म्हटलं, धुळ्याला मी पण येते. अक्का म्हणाल्या, "तू बी नाचशी का?" भाऊंनी मात्र काही विचारलं नाही. त्यांनी माझ्यासाठी कापूस गुंडाळून कानात घालायचे बोळे केले. स्वतःसाठी केले नाहीत.

बसमध्ये मागच्या सीटवर ओळखीचा मास्तर निघाला. तिथेही राहिलं.

दुपारी दोनला मैदानात पोचलो. ऊन, धूळ, काळे कपडे. माझ्या नऊवारीकडे कोणी बघितलंसुद्धा नाही. आवाज सुरू झाला तेव्हा तो कानात नाही, बरगड्यांत आला. मी बोळे आणखी आत दाबले. भाऊ नेहमीसारखे कडेला जाऊन उभे राहिले आणि मी त्यांच्या डाव्या बाजूला. तिथे मला कळलं की इथे जो तो घसा फाडून ओरडतोय आणि कोणाचं कोणाला ऐकू जात नाही. इतकी माणसं असून इतकं एकटं मला कधी वाटलं नव्हतं. मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि माझ्या जन्मात ओरडले नव्हते तेवढ्यानं ओरडले, "भाऊ, तुमचा दोष नव्हता."

ते वळले. "काय?"

"तुमचा दोष नव्हता. तुम्ही थांबले नाहीत त्यात तुमचा दोष नव्हता."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं. मग मान हलवली, एकदा, सावकाश. ऐकलेला माणूस हलवतो तशी ती होती, आणि न ऐकलेला माणूस समोरच्याचं मन राखायला हलवतो तशीही होती. मी तिसऱ्यांदा सांगणार तेवढ्यात रिंगणात एक मुलगी पडली आणि भाऊ गेले. ती उठली, तिचा चष्मा मिळेना, तर दहा-बारा जण धुळीत गुडघ्यावर बसून शोधू लागले, आणि त्यांच्यात कवटीचा सदरा घातलेले माझे दीर.

परतीच्या बसमध्ये त्यांना काही ऐकू येत नव्हतं. कंडक्टरनं दोनदा विचारलं, तिकिटं मी काढली. पारोळा गेल्यावर ते खिडकीकडे बघत म्हणाले, "वहिनी, तुमना आवाज मोठा शे. माले माहीत नव्हतं." त्यांनी काय ऐकलं, किती ऐकलं, ते मी विचारलं नाही. विचारायचं तर अख्ख्या बसला ऐकवून विचारावं लागलं असतं.

तो कान परत आला नाही. आता ते मोटारीवर तळहात ठेवतात आणि डोळे मिटतात. दहातल्या सहा वेळा बरोबर सांगतात, आणि गिऱ्हाइकं बाकीच्या चारांचं मनावर घेत नाहीत. घरी मी त्यांच्याशी मोठ्यानं बोलते, भाजी कोणती करू, पाणी आलं का, कोण आलं होतं. गल्लीला आमचं सगळं ठाऊक झालंय. संध्याकाळी ते ओट्यावर बसतात, मी शेजारी शेंगा फोडत बसते, आणि दोघंही गप्प असतो. पूर्वीही गप्पच असायचो. पण पूर्वी ते जरा लांब बसायचे.