साबणबाई

बाईंविषयी लिहा, असं मला आजवर पुष्कळांनी सांगितलं. कॉलेजच्या स्मरणिकेसाठी दोनदा विचारणा झाली. एकदा मी प्रकृतीचं कारण सांगितलं, एकदा आठवत नाही म्हणालो. प्रकृती उत्तम होती आणि आठवतही सगळं होतं. बाईंविषयी चांगलं लिहायला बसलो तर शेवटी स्वतःविषयी खरं लिहावं लागणार, हे ठाऊक असल्यामुळे टाळत आलो. आता वय झालं. टाळायला फारसा अवधी उरलेला नाही.

बाई माणसाचं तोंड नंतर पाहत, आधी हात पाहत. रत्नागिरीजवळ मिरजोळ्याच्या बाजूला कातळावर आमचं नर्सिंग कॉलेज होतं, आरोग्य विद्यापीठाला जोडलेलं. तिथल्या मुलींच्या वसतिगृहाच्या त्या वॉर्डन. मूळच्या बुरोंडीच्या, सरकारी दवाखान्यात परिचारिका म्हणून नोकरी संपवून आमच्याकडे आलेल्या. नवीन वर्ष सुरू झालं की ट्रंका, वळकट्या आणि डोळे पुसणाऱ्या आया घेऊन मुली यायच्या, आणि बाई दारात साबणाची वडी घेऊन उभ्या असायच्या.

"इकडे ये गो बाये, हात दाखव."

मुलगी लाजून मान खाली घालायची.

"तोंड काय लपवतेस? तोंड देवानं दिलंय, त्याचं मला काय करायचंय? हात तू आणलेस, ते दाखव."

मग व्हरांड्यातल्या नळावर शेजारी उभं राहून हात धुवून घ्यायच्या. तळवे, बोटांची बेचकी, नखं आणि शेवटी अंगठा. "अंगठा सगळ्यांचा राहतो," असं त्या म्हणत, आणि खरोखरच तो राहिलेला असे. मुलींनी त्यांचं नाव साबणबाई ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. "बरंय की. झुरळबाई तर नाही ना ठेवलं?" म्हणायच्या.

वर्गात शिकवणं हे त्यांचं काम नव्हतं, पण मुलींना जन्मभर पुरेल असं जे काही मिळालं ते जेवणाच्या पंगतीत, बाईंच्या तोंडून. आमटी वाढता वाढता त्या सांगत, "डॉक्टर कागदावर लिहून जातो. गोळी रोग्याच्या तोंडात कोणाचा हात घालतो? तुझा. मग पटलं नाही तर विचारायचं. रागावला तरी परत विचारायचं. आणि तरीही दिलीस, तर मागाहून त्याच्याकडे बोट दाखवायचं नाही." एकदा एका आगाऊ मुलीनं विचारलं, "म्हणजे बाई, डॉक्टरचं काहीच चुकत नाही?"

"चुकतं की. त्याचं तो बघेल. तू तुझं बघ. भात घे."

मी तेव्हा कॉलेजचा प्रशासकीय अधिकारी होतो. जुन्या प्राचार्य सोडून गेल्या होत्या, नव्या यायच्या होत्या, त्यामुळे त्या वर्षी सगळा कारभार माझ्याच हातात होता. ते स्वाइन फ्लूच्या साथीचं वर्ष. पुण्याच्या बातम्या रोज येत होत्या. रत्नागिरीच्या बाजारात माणसं रुमालात कापूर-वेलचीची पुरचुंडी बांधून हुंगत फिरत होती. आणि आमचं नवीन शैक्षणिक वर्ष तोंडावर आलं होतं.

बाई ऑफिसात आल्या. "साहेब, नवीन मुली गणपती झाल्यावर बोलवा. आता बोलावल्यात तर लगेच सणाला सोडाव्या लागतील. घरोघरी मुंबईची माणसं आलेली असणार. काय काय घेऊन परत येतील, देव जाणे."

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. पण उद्‌घाटनाला संस्थेच्या अध्यक्षांनी दिवस दिला होता आणि तो बदला म्हणून सांगणं माझ्याच्यानं होणारं नव्हतं. मुली आल्या, समारंभ झाला, आणि आठवडाभरात गणपती आले. मुलींना थांबवून ठेवावं तर कोकणात गणपतीला पोरीला घरी पाठवत नाही, असं कोण म्हणणार? सोडल्या. बाईंनी एकच अट घातली: परत येणारी प्रत्येक मुलगी आठ दिवस खाली जेवणाच्या हॉलमध्ये राहील, मगच वर खोलीत जाईल. मी हो म्हणालो. त्या वर्षी बाई स्वतःच्या घरच्या गणपतीला गेल्या नाहीत. जुन्या एप्रनांचे मास्क शिवत आणि हॉलमध्ये अंथरुणं अंतरा-अंतरानं घालत बसल्या. "माझा देव समजूतदार आहे," म्हणाल्या. "पुढल्या वर्षी दुप्पट मोदक मागेल, एवढंच."

ज्यांच्याकडे दीड दिवसाचा गणपती, त्या मुली आधी परतल्या. हॉलमध्ये राहून वर गेल्या. अनंत चतुर्दशी झाल्यावर उरलेल्या यायला लागल्या. त्यांत एक वेळणेश्वरची होती, अध्यक्षांच्या साडूंची मुलगी. भर पावसात दुपारी गाडीतून उतरली. वडिलांनी हॉलमध्ये डोकावून पाहिलं. "इथं? धर्मशाळेसारखं ओळीनं जमिनीवर?" मला बोलावणं आलं. मी गेलो तेव्हा बाईंनी त्या मुलीचा हात हातात धरला होता आणि सोडत नव्हत्या.

"साहेब, हात तापलाय."

"गाडीच्या काचा बंद होत्या हो," वडील म्हणाले.

"मग माझ्या खोलीत ठेवते. माझी खाट देते तिला."

"वॉर्डनच्या खोलीत? काय गुन्हा केलाय तिनं? तिची खोली आहे ना?"

ते माझ्याकडे पाहत होते. माझ्या नोकरीची मुदतवाढ तेव्हा अध्यक्षांच्या हातात होती. मी म्हणालो, "बाई, जाऊ द्या तिला तिच्या खोलीत."

"त्या खोलीत संगमेश्वरची बारकी आहे. हॉलमधून कालच वर गेलीय ती."

"जाऊ द्या."

"तुम्ही सांगताय ना, साहेब?"

"मी सांगतोय."

त्यांनी पुन्हा एकदा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं, जरा मोठ्यानं. बाईंनी जिन्याचं जाळीचं दार उघडलं.

साडूंची मुलगी चार दिवस तापली आणि बरी झाली. बारकीला मात्र कोल्हापूरला हलवावं लागलं. ती जगली. पण तिच्या फुप्फुसांनी जे धरलं ते सुटलं नाही, आणि बापानं तिला शेतावरच्या घरी नेलं ते कायमचं. घरातली पहिली शिकणारी मुलगी होती ती.

बाप कॉलेजात आला तेव्हा अध्यक्षांनी सगळ्यांना एकत्र बसवलं. तो ओरडला नाही. टोपी मांडीवर ठेवून म्हणाला, "माजी पोर आठ दिस भुईवर निजली, काय कुरकुर नाय केली. मंग तिच्या खोलीत तापाची पोर कोनी घातली? येवडंच सांगा."

अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "वसतिगृहाचं सगळं बाई बघतात."

या वाक्यात शोधूनही खोटं सापडणार नाही. म्हणूनच ते मला इतकं सहज बोलता आलं.

बाई भिंतीशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, हातांकडे पाहिलं. मी हात टेबलाखाली घेतले. मग त्या बापाकडे वळल्या. "दार मी उघडलं. तुमची पोर माझ्या ताब्यात होती." एवढंच बोलल्या. माझ्यावर उपकार करण्यासाठी बोलल्या, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तसं नव्हतं. पंगतीत जे सांगत आल्या तेच त्या स्वतःला लावत होत्या.

त्याच आठवड्यात त्यांना काम सोडावं लागलं. रिक्षाभोवती मुली रडत होत्या. माझ्या ऑफिसची खिडकी उघडी होती, त्यामुळे आवाज वर येत होता. "रडताय काय गो? नाक पुसलंत ना, आता हात धुवा जा." मी खाली उतरलो नाही. मुदतवाढ मला यथावकाश मिळाली.

निवृत्तीनंतर एकदा धीर करून बुरोंडीला गेलो. भावाच्या घरी राहत होत्या. अंगणात मासळी वाळत होती आणि बाई काठी घेऊन कावळे हाकत होत्या. मला पाहून उठल्या. "या साहेब. आधी हात धुवा." पडवीच्या कडेला त्यांनी तांब्यानं पाणी घातलं, मी साबण लावला. वाटभर घोकलेलं वाक्य ओठांवर आलं होतं. "बाई, त्या दिवशी..." म्हणालो.

"अंगठा राहिला," त्या म्हणाल्या.

मी अंगठा धुतला. त्यांनी पंचा पुढे केला आणि बारकीचं सांगायला लागल्या. दर वर्षी त्या तिला भेटायला जात. लग्न झालं होतं तिचं; चढणीला दम लागतो, पण मूल गोंडस आहे, म्हणाल्या. मी एकदाही गेलो नव्हतो. तेवढ्यात भावजयीनं चहा आणला, मग आंब्याच्या मोहराचं बोलणं निघालं, मग एसटीची वेळ झाली. निघताना त्या फाटकापर्यंत आल्या आणि ते उघडायच्या आधी कडीवर हात ठेवून थांबल्या. आज वाटतं, तेवढा वेळ त्यांनी माझ्यासाठी ठेवला होता. मी नमस्कार केला आणि चालायला लागलो.

त्या गेल्याचं मला एका जुन्या विद्यार्थिनीकडून कळलं, तेही दिवसकार्य होऊन गेल्यावर. पुढे मोठी साथ आली आणि घराघरांत माणसं नळाशी उभी राहून हात धुवायला लागली. माझा नातूही धुवायचा. "अंगठा राहिला," असं मी त्याला म्हणालो आणि आत जाऊन बसलो.

त्याचं तो बघेल, असं बाई डॉक्टरबद्दल म्हणत. माझं मी बघायला इतकी वर्षं लावली. संगमेश्वरचा तो बाप हयात असेल तर हे त्याच्या कानांवर जावं. त्याच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे. आणि बुरोंडीच्या फाटकाशी जे बोलायचं राहिलं ते असं होतं: बाई, दार तुम्ही उघडलंत, पण उघडा म्हणून सांगणारा मी होतो. तुम्ही दोनदा विचारलंत, मी दोनदा सांगितलं. तुमच्यावर आलं ते माझं होतं. मला क्षमा करा.