सेफेरिनाबाईंचा पेला

व्हियारिका गावातल्या शाळेसमोर, कोपऱ्यावर, सेफेरिनाबाई एकतीस वर्षं खलबत्ता घेऊन बसतात. पुदिना आणि रानातला पाला कुटायचा, बर्फाच्या पाण्यात टाकायचा आणि शाळा भरण्याआधी पोरांना तो गारेगार काढा, तेरेरे, पाजायचा. पेला एक, नळी एक. गोल बसून पाळीपाळीने प्यायचं. बाई तोंडाने फटकळ, पण त्यांचा पेला कधी कुणाला ओलांडून जात नाही. गेलाच, तर ते चारचौघांत थोबाडीत खाल्ल्यासारखं.

त्या मार्चात मिर्ना नऊ दिवस दिसली नाही. शाळेच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक पोरगी! कुणीतरी निनावी खात्यावर तिचा फोटो टाकून खाली तिच्या अंगाबद्दल घाणेरडं लिहिलं होतं, वर गुणही दिले होते, आणि अर्ध्या गावाने ते दात काढत पुढे ढकललं होतं. "शाळा पुरे. तिला लांब असुन्सियोन शहरात माझ्या बहिणीकडे धाडते," असं तिची आई रडत सांगून गेली. बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यांनी तो फोटो मागून घेऊन बघितला. मिर्ना वाकून थर्मासमध्ये बर्फ भरतेय आणि कडेला बाईंचाच खल, काठाचा टवका उडालेला. असा फोटो खलाच्या बाजूच्या ओंडक्यावरूनच निघाला असता, आणि तिथे रोज एकच जण बसायचा, देर्लिस.

दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांना पेला दिला आणि देर्लिसला ओलांडून पुढे नेला. दुसऱ्या फेरीतही तसंच. चोराच्या मनात चांदणं. देर्लिसचे कान लाल झाले.

"मावशी, मी राहिलो."

"राहिलास खरा. त्या फोटोत माझा खल दिसतोय, बाळा."

"गंमत केली हो नुसती!"

"मग मिर्नाला हसू कसं नाही आलं रे?"

कुणीच त्याची बाजू घेतली नाही. त्याने तिथेच, सगळ्यांदेखत, ते खातं काढून टाकलं आणि मुकाट्याने बाईंमागून मुख्याध्यापिकेकडे गेला. कुणाकुणाच्या फोनात तो फोटो अजून असेलही, हे बाईंना ठाऊक होतं.

तरी त्यांनी मिर्नाच्या घरी निरोप धाडलाच, पोरीला शाळेत पाठव म्हणून. सोमवारी मिर्ना आली, मान खाली घालून. बाईंनी थर्मास तिच्या हातात दिला.

"आज तू दे गं सगळ्यांना. माझे हात भरून आलेत." शुद्ध थाप होती.

मिर्नाने एकेकाला पेला दिला. देर्लिसपाशी ती थांबली.

"चुकलं माझं," तो पुटपुटला.

तिने पेला भरला आणि त्याच्याकडे बघत सावकाश स्वतःच संपवला.

"ऐकलं," ती म्हणाली. "तुझी पाळी उद्या बघू."

पोरं खो खो हसली, मिर्नाही हसली. घंटा झाली तशी ती दप्तर उचलून फाटकातून आत गेली. बाईंना इतका आनंद झाला, की गिऱ्हाईक नसतानाच त्यांनी ढीगभर पुदिना कुटून टाकला.