टोका, बाप्पा

"चुकलं की तिथंच टोका, बाप्पा. मागून सांगून काय फायदा?" असं मला बजावूनच वहिनी कंगवा हातात घ्यायच्या. समोर ओट्याच्या कडेला घट्ट बसवलेलं सरावाचं रबरी डोकं. खरे केस, निळे डोळे आणि उगाचच हसरा चेहरा. वहिनी त्याला सूनबाई म्हणत. "मान सरळ ठेव गं सूनबाई, परीक्षक पाहून राहिली."

अमेरिकेतल्या आमच्या कॅरी गावात अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. नवरा आयटीत, मुलगी मिडल स्कूलमध्ये आणि स्वतः बाई व्हिसावरच्या एका शब्दात मावलेली: डिपेंडंट. नागपुरात वहिनींनी अठरा वर्षं पार्लर चालवलं होतं. आसपासच्या निम्म्या नवऱ्या त्यांच्या हाताखालून बोहल्यावर गेलेल्या. इथे येऊन सात वर्षं त्यांनी पोळ्या लाटल्या. मग एकदाचं वर्क परमिट आलं आणि त्यांनी कॉस्मेटॉलॉजीच्या शाळेत नाव घातलं. शाळेचे तास पुरे झाले. उरली लायसन्सची परीक्षा: आधी लेखी, मग प्रात्यक्षिक.

आमच्या ग्रुपमधल्या बायकांना याची फार गंमत वाटे. "भुवया कोरायला कसला आलाय अभ्यास?" असं वहिनींच्याच स्वयंपाकघरात, त्यांच्याकडून फुकट भुवया कोरून घेताना विचारणाऱ्या आम्ही. मी विचारलं नाही, पण हसले होते.

मी त्यांची शेजारीण. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम, म्हणून त्यांनी अभ्यासाला मलाच धरलं. त्या जाडजूड पुस्तकात कातडीचे थर होते, रसायनं होती, जंतू होते. वहिनी ते सगळं जपासारखं पाठ करत. पोळी उलटता उलटता "स्टॅफिलोकोकाय" म्हणत. मुलगी ओरडायची, "आई, प्लीज! आय ॲम ईटिंग!"

"एवढं कशासाठी हो वहिनी?" मी एकदा विचारलं.

"इथं माझ्या नावाचा एक कागद नाही. लायब्ररीचं कार्ड सोडलं तर. परमिट आहे, पण तेही यांच्याच नोकरीच्या भरवशावर. लायसन्सवर फोटो राहते, नाव राहते. आरशाजवळ लावावंच लागते, कायदा आहे." त्यांनी ओट्यामागच्या भिंतीवर बोटानं चौकोन काढून दाखवला.

लेखी परीक्षा त्या पहिल्या झटक्यात पास झाल्या. सगळ्यांना पेढे वाटले.

प्रात्यक्षिकात हाताची सफाई बघतातच, पण त्याहून स्वच्छता बघतात. एखादी वस्तू खाली पडली तर ती वेगळ्या पिशवीत टाकायची, हात स्वच्छ करायचे, दुसरी घ्यायची. हा नियम मीच त्यांना वीस वेळा वाचून दाखवला होता.

सराव करताना एकदा त्यांच्या हातून कंगवा निसटला आणि त्यावर पाय पडला. वहिनींनी चटकन वाकून तो उचलला, कपाळाला लावला आणि तोच सूनबाईच्या केसांतून फिरवू लागल्या. सगळं एका दमात, स्वतःलाही न कळता. दसऱ्याला कात्री-कंगव्याची पूजा करणारी बाई ती. अठरा वर्षं त्याच कंगव्यानं घर चालवलेलं.

मी पाहिलं. मला ते इतकं गोड वाटलं की टोकावंसं वाटलं नाही. पुढेही दोनदा तसंच झालं. घरी जाऊन नवऱ्याला कौतुकानं सांगितलंसुद्धा. ऑफिसात एक स्वल्पविराम चुकला तरी मी चार ओळींची मेल लिहिते.

परीक्षेहून आल्या त्या सरळ माझ्या दारात. बॅग खाली न ठेवताच म्हणाल्या, "कंगवा पडला हो. पाय लागला. उचलला, कपाळाला लावला अन् तोच फिरवला. परीक्षकबाईनं मान खाली घालून काहीतरी लिहिलं, तवा कळलं. अवो, तोंडपाठ होतं मला!"

मी पाणी दिलं. त्या ते प्यायल्या नाहीत.

"तुमच्यासमोर केलं होतं का हो मी असं कधी?"

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग म्हणाल्या, "तुम्ही असत्या तर टोकलंच असतं."

फेरपरीक्षेची तारीख मिळायच्या आतच त्यांच्या नवऱ्याची नोकरी गेली. दोन महिन्यांत दुसरी मिळाली नाही, म्हणजे देश सोडायचा. तारीख आली ती विमानाच्या तिकिटानंतरची. जाताना वहिनींनी सूनबाई माझ्या गॅरेजमध्ये आणून ठेवली. "सामानात मावत नाही. सांभाळा," एवढंच बोलल्या. नागपूरहून फोन त्यांनी केला नाही. मीही केला नाही.

आता मी दुकानांच्या रांगेतल्या एका सलूनमध्ये जाते. मागच्या शनिवारी तिथल्या मुलीच्या हातून कंगवा पडला आणि माझ्या बुटाला लागला. माझा हात आपोआप खाली गेला.

"डोन्ट मूव्ह, मॅम," ती म्हणाली. पायानंच तिनं कंगवा बाजूला सारला, मग चिमटीत धरून वेगळ्या पिशवीत टाकला, हात स्वच्छ केले आणि ड्रॉवरमधून दुसरा कंगवा काढला. नियमाप्रमाणे सगळं बरोबर होतं. समोर आरशाशेजारी चौकटीत तिचं लायसन्स होतं, फोटो आणि नावासकट. केस कापून होईपर्यंत मला त्याच्याकडेच बघत बसावं लागलं.