वाकळीवरची चिठ्ठी

मंडळी, आज दुपारी मी खोटं बोलले. वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षी.

आपल्या धाराशिवच्या जुन्या हवेलीत बायकांच्या हातकामाचं प्रदर्शन लागलंय. तिथं एका वाकळीच्या कोपऱ्यात टाचलेली पिवळी चिठ्ठी दिसली. ‘ईटची एक बाई.’ अक्षर माझंच.

महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं तेव्हा. याच हवेलीतल्या प्रदर्शनात मी, नवी मास्तरीण, नावं लिहून घेत होते. ईट गावाहून वाकळ घेऊन आलेली एक बाई म्हणाली, “माझं नाव सोनाई.”

“पूर्ण सांगा. मालकाचं नाव?”

तिनं पदर तोंडाला लावला. “त्येंचं नाव कसं घिऊ?”

मागं रांग होती. मी वैतागून चिठ्ठी लिहिली आणि टाचली.

आज तिची नात शेजारी उभी होती. म्हणाली, “आजीला वाचता येत नव्हतं. पण ही चिठ्ठी तिनं कधी काढू दिली न्हाय. म्हणायची, मास्तरीणबाईंनी माझं नाव लिव्हलंय. कुणी लिव्हलं असंल हो हे?”

“कुणास ठाऊक,” मी म्हणाले आणि घरी आले.

नुसतं ‘सोनाई’ लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? उद्या त्या पोरीसमोर कुठल्या तोंडानं जाऊ, सांगा.