तुह्या मायले सांग

थोरांच्या देखत नवऱ्याने बायकोशी बोलायचं नाही, असा आमच्याकडे रिवाज होता. वऱ्हाडात तो घरोघरी असे, पण माझ्या सासूबाईंनी तो डोळ्यांत तेल घालून पाळला. एकांतात दोन शब्द बोलावेत, तर त्या दाराशीच निजत. मला मुलगी झाली तेव्हा ह्यांची सोय झाली. पाळण्याकडे बघून म्हणत, "तुह्या मायले सांग, पानी दे." मीही पाळण्यालाच उत्तर देई.

माणूस घुमा नव्हता. नागपूरहून सरकारी हुकूम आला की चावडीवर बसून गावाला तो तेच समजावून सांगत. लोक जेवणं विसरून ऐकायचे. मला मात्र त्यांचा आवाज कायम भिंतीआडूनच ऐकू आला. याचा मला संताप यायचा आणि तो मी भाकरी थापताना काढायची.

सासरे गेले, पाठोपाठ सासूबाई गेल्या. तेरावं झाल्यावर मला वाटलं, आता बोलतील. मी मुद्दाम समोर जाऊन बसले. ते खाकरले आणि त्यांनी लेकीला हाक मारली. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात; इथे खोड लावणारी माणसं मेली तरी ती गेली नाही. आणि माझं तरी तोंड कुठे उघडलं?

पुढे लेक अमडापूरला नांदायला गेली. निरोप न्यायला कोणी उरलं नाही, खाणाखुणांवर आमचं भागू लागलं. एके वर्षी कापूस वेचणीच्या दिवसांत ह्यांना ताप भरला, तो उतरेचना. लेकीला ते 'बाई' म्हणत. आठव्या दिवशी दुपारी दाराकडे बघत म्हणाले, "बाई, तुह्या मायले म्हनावं, जराशी जवळ बस."

घरात आम्हा दोघांशिवाय कोणी नव्हतं. मला वाटलं, लेकीत जीव अडकलाय. मी शेजारी धावले, अमडापूरला गाडी जुंपा म्हणून हातापाया पडले. परत आले तर सगळं संपलं होतं. उभ्या संसारात त्यांनी मला एकदाच जवळ बोलावलं आणि मी लेकीला आणायला निघाले होते. त्यांचे डोळे अजून दाराकडेच होते. मी ते मिटले.

संध्याकाळी लेक आली. रडून झाल्यावर तिने विचारलं, बाबा शेवटचं काय बोलले. मी जसंच्या तसं सांगितलं.

"मंग बसली होती ना तू, माय?"

"हाव," मी म्हणाले.