मजेत असल्याचं कार्ड

पहाटे पाच वाजून दहा मिनिटं. जुन्नरमधल्या आपल्या खानावळीत शीला गायकवाड तिसरी भाकरी तव्यावर टाकत होती. आतल्या खोलीत तिचे वडील, गोकुळ मास्तर, केव्हाचे उठून बसले होते. चहा साडेपाचला. आधी मागायचा नाही.

हा नियम मिशनच्या वसतिगृहातला. शीला सहा वर्षांची असताना आईवडिलांनी तिला तिथं ठेवलं आणि मढच्या बाजूला वाड्यावस्त्यांवर येशूची वार्ता सांगत फिरले. घरात मात्र कुशाबाई नावाची पोरकी मुलगी सांभाळली, शीलाच्याच गोधडीवर. सुट्टीत वस्तीवरली पोरं शीलाच्या ‘होतं’ला हसत, वसतिगृहातल्या मुली ‘व्हतं’ला. पुढं ती बोलायचीच कमी झाली.

गेल्या दिवाळीत मास्तर पडले, तेव्हा तिनं त्यांना इथं आणलं. शेजारी तिला गुणाची लेक म्हणतात.

मास्तरांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून ते मढला कुशाबाईला कार्ड लिहितात. सात वाजता डबे गेल्यावर शीलानं त्यांनी काल टाकायला दिलेलं कार्ड वाचलं. ‘हितं जीव रमत न्हाई. नाताळाच्या आत येऊन मला घेऊन जा.’ तिनं ते चुलीत घातलं आणि कोरं कार्ड त्यांच्यापुढं ठेवलं.

“लिहा,” ती त्यांच्या कानाशी म्हणाली. “मी मजेत आहे. काळजी नसावी.”

वसतिगृहातल्या बाई तिची पत्रं वाचून अशीच पुन्हा लिहून घेत.

मास्तरांनी पेन उचललं नाही. “तुझीबी पत्रं अशीच यायची. बाईंनी सांगून लिवलेली. आमाला कळायचं.”

“मग न्यायला का आला नाहीत?”

“सभेत वाचून दाखवायचो,” मास्तर म्हणाले. “पोर देवाच्या भरवशावर मजेत हाय म्हणून. लोकान्ला लई धीर यायचा.”

त्या पत्रांनी आईवडील फसले होते, असं शीला पंचेचाळीस वर्षं धरून चालली होती. त्याच समजुतीवर तिनं मास्तरांना न सांगता, नाताळला त्यांना मढला कुशाबाईकडे न्यायला गोरखची जीप ठरवली होती. तिनं तिथंच उभ्यानं गोरखला फोन लावला आणि जीप नको म्हणून सांगितलं. मास्तर तिच्या ओठांकडे बघत राहिले. त्यांना काही कळलं नाही.

“लिहा,” ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं. अक्षर अजून सुरेख आहे. शीलानं दोन्ही ओळी तपासल्या आणि दुपारी कार्ड स्वतः टपालपेटीत टाकून आली. चौकातली ती पेटी उद्या सकाळी साडेदहाला उघडते.